डाव्या हाताचा चुडा

अठ्ठावन्न सालच्या भादव्यात, गौरी तोंडावर आल्या असताना, माझी बायको साळू आजारी पडली. सकाळी ती भाकरी थापत होती. दुपारी भिंतीला धरून चालत होती. उलट्या आणि हगवण थांबेना. दिवस मावळायच्या आत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला, बोटांची कातडी भिजल्यासारखी सुरकुतली. आई म्हणाली, पटकी आहे. आईनं अंगारा लावला आणि नारळ ओवाळून टाकला. मी गाडी जुंपली.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला. तिथून पौडकडे येणारा रस्ता पावसानं पार उखडला होता. गाडीत साळूचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि माझी थोरली बहीण रंभाबाई तिच्या तोंडात पाणी सोडत होती. ते लगेच बाहेर येत होतं. पौडच्या अलीकडे एका ट्रस्टनं नवीनच दवाखाना काढला होता. बायकांच्या दोन खोल्या, पुरुषांची एक, आणि डॉक्टर एकच. दिवेकर त्यांचं नाव. वयानं माझ्याहून लहान असावेत.

त्यांनी साळूचा हात चाचपला, पायही चाचपला. शीर कुठंच सापडेना. म्हणाले, "अंगात पाणी उरलं नाहीये. हाताला चीर देऊन शीर उघडी करावी लागेल. नाहीतर ही हातची जाईल."

मी म्हणालो, "करा."

डाव्या हाताला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, त्यांनी चीर दिली. शिरेत बारीक नळी घालून दोऱ्यानं बांधली आणि वर सलाईनची काचेची बाटली टांगली. हात हलू नये म्हणून त्याच्याखाली लाकडाची फळी बांधायची होती. बांगड्या आड येत होत्या. नर्स लीलाबाईंनी कात्रीच्या मुठीनं त्या टचाटच फोडल्या.

 आई ओरडली.

"फोडल्या? अगं बाई, जिता हाय तिचा नवरा! ह्यो काय हितं उभा!"

लीलाबाई मान वर न करता म्हणाल्या, "आजी, बांगड्या पौडात मिळतील. सून मिळायची नाही."

"वाढवल्या म्हन निदान. फोडल्या काय म्हनतीस?"

"मी काहीच म्हणाले नाही. तुम्हीच म्हणताय केव्हापासून."

आमच्याकडे सवाष्णीची बांगडी फुटली असं कुणी तोंडानं म्हणत नाही. फोडतात त्या विधवेच्या. सवाष्णीची वाढते, आणि वाढली की लगेच दुसरी भरतात. हात रिकामा ठेवत नाहीत, कारण रिकामा हात नवऱ्याच्या जिवावर येतो. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्या घरात कुणीही ते नव्यानं सांगायची गरज नव्हती.

रात्रभर बाटल्या लागल्या. सकाळी साळूनं स्वतः पाणी मागितलं, प्यायली, आणि ते पोटात राहिलं. दुपारपर्यंत ती बोलायला लागली.

"अवो, म्हस कुनी पिळली?"

"भैरूच्या बायकोनं."

"तिला पान्हा सोडायची न्हाई ती. तिचं हात लई गार हायेत."

"मग ऊठ आन् जा तू."

"मला बांधून घातलीया म्हशीवानी, दिसत न्हाई व्हय?" असं म्हणून तिनं फळीचा हात थोडा उचलून दाखवला आणि हसली. आवाज अजून घोगरा होता. पण हसली ती साळूच होती. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आलो.

आलो तर तिनं तो हात पांघरुणाखाली घेतला होता.

"थंडी वाजतीया का?"

"न्हाई."

"मग हात का झाकलास?"

"उघडा दिसतोय," ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर आले. खूश झाले. म्हणाले, "आता पेज द्या, पाणी द्या. तोंडानं सगळं जातंय. ही नळी आजच काढून टाकू."

हे ऐकून रंभाबाई खाटेला धरून उभी राहिली. त्याला कारण होतं. समोरच्या खाटेवर सारजाबाई नावाची एक म्हातारी होती. आदल्या रात्री तिची बाटली काढली, आणि सकाळी ती मेली. तिच्यात काही राम उरला नव्हता म्हणून बाटली काढली होती. पण खोलीतल्या सगळ्या बायकांनी पाहिलं ते एवढंच, की बाटली काढतात आणि माणूस मरतं.

"बाटली काडू नगा, डाक्टर," रंभाबाई म्हणाली. "तुमी आमाला सोडलं म्हनायचं का?"

"अहो, उलटं आहे. ती बरी झाली म्हणून काढतोय."

"त्या म्हातारीलाबी तुमी असंच म्हनाला आसाल."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. म्हणाले, ही नळी म्हणजे बाहेरून थेट रक्तात जायची वाट आहे, गरज आहे तोवरच ती ठेवायची. गरज संपली की जितकी राहील तितका धोका. मला ते पटलं. मी म्हणालो, "डाक्टर म्हनत्यात तर काडू द्या."

रंभाबाई माझ्याकडे वळली. "तुला घाई झालीया, कुशा. खाचरं बेनायची हायेत न्हवं. बायकू कवा उठंल आन् कवा चिखलात उभी करीन, आसं झालंय तुला."

शेजारच्या खाटांवरच्या दोघीतिघी हसल्या. आईनं डॉक्टरांचे पाय धरले. बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. पटकीची लस आणायला डॉक्टरांना पुण्याला जायचं होतं आणि त्यांना उशीर झाला होता. त्यांनी पाय सोडवून घेतले आणि लीलाबाईंना म्हणाले, "राहू दे आजचा दिवस. हळू चालू ठेवा. उद्या आल्यावर मीच काढतो."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. वर पाऊस झाला आणि वाटेतल्या फरशी पुलावर पाणी चढलं.

त्या दिवशी मी घरी गेलो होतो. म्हशीला शेजारच्या भैरूच्या बायकोच्या हाती पान्हा सुटला नव्हता, साळू म्हणाली तसंच. मी संध्याकाळी परत आलो. तोवर जे झालं ते मला पुढं बांगडीवाल्या रहिमतबीनं सांगितलं. रहिमतबी पौडची. गौरीच्या आधी टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. माझ्या आईचा चुडा तिच्या सासूनं भरलेला, माझ्या बहिणीचा तिनं. आईनं तिला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं.

पुढं एकदा ती मला पौडच्या बाजारात भेटली तेव्हा टोपली खाली ठेवून म्हणाली, "माज्यावर राग हाय का रं, कुशाबा?"

मी म्हणालो, "काय झालं ते सांग."

"मी म्हनलं, आजीबाई, ह्या हाताला फळी हाय, नळी हाय. उजव्यात बांगड्या हायेतच, डाव्याला हिरवा दोरा बांधती. तर तुजी भैन म्हनाली, दोरा गरिबाला. आमी काय गरीब हाय? मी म्हनलं, मग चार रोज दम धरा. तर तुजी आई म्हनाली, गौर दारात आलीया आन् हिचा हात बोडका. माज्या पोराला चार रोजांत काय झालं तर तू भरून देशील का?"

"मग?"

"मग सूनबाईच म्हनाली. काकी, भर म्हनाली."

"साळू म्हनाली?"

"व्हय रं बाबा. मी कशापायी खोटं बोलू? हसत म्हनाली. काकी, ह्यास्नी कायबाय व्हईल, तू भर."

नर्स लीलाबाई त्या वेळी पलीकडच्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या. दोन खोल्यांना मिळून ती एकच बाई. रंभाबाईनं हाताची पट्टी सोडली आणि फळी बाजूला काढली. हात बांधून ठेवल्यानं थोडा सुजला होता. सुजलेल्या हातात बांगडी सरळ जात नाही. तिला साबणाचं पाणी लागतं. हात भिजवायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, तळवा चोळून चोळून मऊ करायचा आणि मग एकेक बांगडी वळवत चढवायची. चांगली बांगडीवाली असली तर डोळ्यांतून पाणी येतं पण बांगडी वाढत नाही. रहिमतबी चांगली बांगडीवाली होती. पाणी खाटेखालच्या बादलीतलं घेतलं. त्या बादलीत दिवसभर सगळ्यांनी हात धुतले होते. हात वर धरून चोळताना ते पाणी ओघळत चिरेपर्यंत गेलं. आईनं चिरेवर हळदीची चिमूट दाबली, जखमेला चांगली म्हणून. मग तीच ओली पट्टी रंभाबाईनं पुन्हा गुंडाळली आणि वरून फळी बांधली.

संध्याकाळी मी गेलो तर साळू उशाला टेकून बसली होती. केस विंचरले होते. कुंकू नवं लावलं होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले, डावा फळीसकट.

"कसं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय," मी म्हणालो. दिसतच होतं चांगलं.

"काकींनी एकबी वाढू दिली न्हाई. लई दुकलं पर."

तेवढ्यात लीलाबाई आल्या. बाळंतिणीपासून आल्या होत्या, उभं राहायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. हात पाहिला आणि खाटेच्या कडेला बसून पट्टी चाचपली.

"कुणी सोडली ही पट्टी?"

"आमी," आई म्हणाली. "आमची सून हाय."

"अहो, ओली आहे ती! आतून हळद दिसतेय!" त्यांनी पट्टी उलगडली, औषधानं जागा पुसली आणि कोरडी पट्टी बांधली. मग त्या बांगड्यांना हात घालायला गेल्या. साळूनं उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट झाकलं.

लीलाबाई म्हणाल्या, "डॉक्टर आले की सांगते मी त्यांना."

"सांग," आई म्हणाली. "त्यालाबी बायकू आसंल. तिला इचार म्हनाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूला हुडहुडी भरली. साधी नाही. खाट वाजत होती. मी तिच्यावर तीन घोंगड्या टाकल्या आणि वरून स्वतः आडवा पडलो, तरी दात वाजायचे थांबेनात. मग अंग तव्यासारखं तापलं. आई म्हणाली, हिवताप आहे, आमच्या वाडीत सगळ्यांना असतो. मलाही तसंच वाटलं. लीलाबाईंनी गोळी दिली. ताप उतरला आणि पुन्हा हुडहुडी भरली. तोवर हात सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या. पट्टीच्या वर, कोपरापासून बगलेकडे, एक लाल रेघ गेली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर डॉक्टर आले. त्यांनी हात बघितला. पट्टी सोडली, दोरा कापला आणि नळी ओढून काढली. नळीमागून पू आला. मग म्हणाले, "या बांगड्या काढा. आत्ताच्या आत्ता. हाताला रक्त पोचत नाहीये. खालची जागा मला साफ करायची आहे."

साळूनं हात पोटाशी घेतला.

"न्हाई," ती म्हणाली.

"अहो बाई, हात काळा पडेल."

"पडू दे."

आई खाटेच्या एका बाजूला आणि रंभाबाई दुसऱ्या बाजूला उभी राहिली. शेजारच्या खाटांवरच्या ज्या बायकांना उठता येत होतं त्याही आल्या. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "साळू, काडू दे."

"तुमी बोलू नगा ह्यात," साळू म्हणाली.

आई म्हणाली, "तुज्याच जिवाचं चाललंय, कुशा. तू बाहीर जाऊन बस."

"माज्या जिवाचं हाय तर मी सांगतो न्हवं! काडा म्हनतो मी!"

"तुला काय कळतंय?" रंभाबाई म्हणाली. "एकदा त्या नर्सनं फोडल्या तर पोरगी मरनाच्या दारात गेली. आता दुसऱ्यांदा फोडा आन् तुला बी न्या."

"एकदा फोडल्या तवा ती बरी झाली!" मी ओरडलो. "भरल्या तवा पडली!"

कुणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं सगळ्यांनी. पण नवरा असं बोलतोय म्हणजे त्याला बायकोची काळजी आहे, एवढाच त्याचा अर्थ त्या बायकांनी घेतला. एक तर पदर डोळ्याला लावून म्हणाली, बघा, कसा जीव लावतोय. डॉक्टरांनी जबरदस्ती करून बघितली तेव्हा साळूनं सुटलेली फळीच उचलून त्यांना मारली. ते म्हणाले, मी इंजेक्शन सुरू करतो, तुम्ही हिला तयार करा. सकाळ अशी गेली. दुपार झाली. तिला पुन्हा हुडहुडी भरली.

मग मी जीपच्या ड्रायव्हरकडून पक्कड मागून आणली. आई आडवी आली. मी आईला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि दाराबाहेर ठेवलं. असं मी कधी केलं नव्हतं. ती ओरडायचीही विसरली.

मी साळूपाशी बसलो. "आता मी काडनार," म्हणालो. "तू मला मारलंस तरी काडनार."

तिला मारायचं बळ नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्वांडानं वाढवतो म्हना. परतेक बांगडीला म्हना."

मी पहिली बांगडी पकडीत धरली. "वाढवतो," म्हणालो. काच तुटली. दुसरी धरली. "वाढवतो." तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी शेवटच्या बांगडीपर्यंत तसंच म्हणत गेलो. बांगड्यांखालची कातडी निळी पडून सोलली होती, आणि त्याला वास येत होता.

पेनिसिलीन चालू होतं, पण ते लागू पडलं नाही. डॉक्टरांनी जीप पाठवून पुण्याहून दुसरं, नव्यानं आलेलं इंजेक्शन मागवलं. ते आलं, दिलं. मी ड्रायव्हरशी बोलत होतो, डॉक्टरांशी बोलत होतो, लीलाबाईंशी बोलत होतो. सगळ्यांना एकच विचारत होतो, वाचेल का. सगळे म्हणत होते, बघू.

साळू मध्येच गुंगीत जायची, मध्येच डोळे उघडायची. डोळे उघडले की मला शोधायची. मी दिसलो की विचारायची, "तुमाला बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

"छातीत दुकत न्हाई?"

"न्हाई."

"चक्कर?"

"न्हाई गं. मला काय धाड भरलीया?"

पुन्हा गुंगी. पुन्हा डोळे उघडले की तेच. तिच्या डाव्या हाताची बोटं काळी होत होती आणि ती माझ्या छातीत दुखतंय का ते विचारत होती. शेवटी बोलता येईना तेव्हा ती नुसती बघायची, आणि मी न विचारता सांगायचो, मला बरं आहे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गेली. मी खणखणीत होतो.

आई आणि रंभाबाई रडत होत्या. मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

"पटकीनं गेली का?"

"नाही. पटकीतून ती वाचली होती. रक्तात जंतू गेले. पू करणारे जंतू. सगळं रक्तच नासलं."

"कुटनं गेलं?"

"नळीच्या जागेतून."

"कुनामुळं?"

 ते एकेक सांगायला लागले. म्हणाले, आजारानं तिच्या अंगातली ताकद गेली होती, अशा माणसाला कशाचीही बाधा चटकन होते. ती मरायला टेकली होती म्हणून मी चीर घाईत दिली, हात नीट धुवायलाही वेळ घेतला नसेल. नळी जास्त राहिली. पट्टी सोडली, भिजली. पलीकडच्या खाटेवर गळू फुटलेली बाई आहे, तिची पट्टी आणि हिची पट्टी एकाच नर्सच्या हातची. आम्ही सगळ्यांना पेनिसिलीन देत सुटलोय, त्यामुळे इथल्या जंतूंना आता त्याचं काही वाटत नाही. रबराच्या नळ्या उकळून पुन्हा वापरतो, त्या किती स्वच्छ होतात देव जाणे.

"आणि मी पुण्याला गेलो," असंही ते म्हणाले.

"आन् बांगड्या?"

"त्याही," ते म्हणाले. "पण एकट्या बांगड्या नाहीत. खरं सांगायचं तर एकटं काहीच नाही."

मला एक नाव हवं होतं. कुणाचंही चाललं असतं, त्यांचं सुद्धा. त्यांनी ते इतक्या जणांत वाटलं की कुणाच्याच वाट्याला काही आलं नाही. मी बाहेर आलो आणि गाडी जुंपली.

घरी बायकांनी साळूला न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं नेसवलं. कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली. उजव्या हातात नवा चुडा भरला. डाव्या हातात बांगडी चढेना. रंभाबाईनं साबणाचं पाणी मागितलं. मी म्हणालो, त्या हाताला कुणी हात लावला तर मी सरण पेटवू देणार नाही. मग तिनं त्या हातावर पदर ओढून घेतला. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका येत होत्या, तिच्या पायावर डोकं ठेवत होत्या, तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं आपल्या कपाळाला लावत होत्या. भाग्याची म्हणत होत्या. सोनं झालं म्हणत होत्या. भैरूची बायको म्हणाली, असं मरण मला येऊ दे.

दिवस घातले त्याच्या आधीच आईची गोष्ट तयार झाली होती. नर्सनं बांगड्या फोडल्या तेव्हाच कुशाचं मरण ठरलं. साळूला ते कळलं. तिनं ते आपल्यावर घेतलं. मरेपर्यंत ती त्याला विचारत होती, तुमाला काही होतंय का, तुमाला काही होतंय का. सगळ्यांनी ऐकलंय.

ते खरं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी आईला एकदा सांगून बघितलं. डॉक्टर म्हणाले तसं सगळं सांगितलं. नळी, पट्टी, बादलीतलं पाणी, हळद. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. ती वाईट बाई नाही. साळूला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग तू जिता कसा?"

 मी धडधाकट होतो. जेवत होतो, नांगर धरत होतो. त्यांची गोष्ट खोटी पाडायची तर मला मरावं लागलं असतं, आणि मेलो असतो तरी त्या म्हणाल्या असत्या, बघा, पकडीनं बांगड्या फोडल्या ना त्यानं.

फाल्गुनात आईनं माझ्या लग्नाचं काढलं. मी नाही म्हणालो. ती जेवायची थांबली. रंभाबाई सासरहून येऊन राहिली. शेवटी मी म्हणालो, बघायला येतो, बघण्यापुरता. कासारसाईचे हैबतराव म्हणून होते, त्यांची मुलगी गोदू. आम्ही गाडी करून गेलो.

माणसं चांगली होती. पोहे दिले. मुलगी आली, पाटावर बसली, मान खाली. आईनं विचारलं, भाकरी येते का, शेण-पाणी येतं का, किती भावंडं. मुलगी सगळ्याला व्हय म्हणाली. साळूची गोष्ट त्यांच्या गावापर्यंत पोचली होती. हैबतरावांच्या आईनं माझ्याकडे बोट करून कुणाला तरी हळूच सांगितलेलं मला ऐकू आलं, "ह्योच तो, बायकूनं वाचवलेला."

मग हैबतराव म्हणाले, "पाव्हनं, तुमाला काय इचारायचं आसंल तर इचारा."

मी मुलीला म्हणालो, "तू आजारी पडलीस, डाक्टर म्हनाला बांगड्या काड, आन् मीबी म्हनालो काड. तर काडशील का?"

पोह्यांच्या बशा जिथल्या तिथं थांबल्या. आईनं माझा सदरा मागून ओढला. हैबतराव हसल्यासारखं करत म्हणाले, "पाव्हनं, बोलनी व्हायच्या आदीच आसलं अभद्र कशापायी काडता?"

"तिला सांगू द्या," मी म्हणालो.

मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. सतरा-अठरा वर्षांची असेल. डोळे स्वच्छ होते, आणि तिला वाटत होतं की आपली परीक्षा चालली आहे.

"न्हाई काडनार," ती म्हणाली. "जीव गेला तरी न्हाई."

 कुणीतरी वाहवा म्हणालं. हैबतरावांच्या आईनं मुलीच्या कानशिलावर बोटं मोडली. माझ्या आईच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "माजी साळूच परत आली गं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडून एक शब्द हवा होता. मी उठलो.

"हैबतराव, पोरगी चांगली हाय तुमची," मी म्हणालो. "दुसरा नवरा बघा तिला."

बाहेर येऊन मी पायताण घातलं आणि बैल सोडायला लागलो. आत गलका झाला. आई आणि रंभाबाई मागून धावत आल्या.

"काय वाईट बोलली ती?" आई म्हणाली. "आँ? काय वाईट बोलली?"

"काय न्हाई."

"मग?"

मी गाडी जुंपली.  घरी आल्यावर शेजारणी विचारायला आल्या, तेव्हा आईनं ओट्यावर बसून त्यांना सांगितलं की मुलीच्या तोंडून साळूचे बोल निघाले आणि कुशाला ते सोसलं नाही, अजून विसरला नाही तो तिला. बायका हळहळल्या. मी गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होतो. मला सगळं ऐकू येत होतं. मी वैरण टाकत राहिलो.